शेवटचा घाणा

कनकय्या गुंडेटींनी पेन ड्राइव्ह
रुमालाची गाठ सोडून काढला.
साखर पेठ, दुपारचे अडीच,
माझ्या दुकानातल्या कूलरचं पाणी संपलेलं.
फोटो एकच, आणि त्यात काहीच नाही.
नुसतं काळं, खालच्या कडेला जरा तपकिरी.
आलेख उघडला, तर सगळा डोंगर
डाव्या भिंतीला पाठ लावून बसलेला.

"शेवटचा घाणा आहे हा डायहाउसचा," म्हणाले.
"लाईट गेलेली. नातवानं फोनवर काढला.
टॉवेलच्या सुताचा मरून.
तसला पुन्हा जमला नाही मला,
म्हणजे पुन्हा भट्टीच पेटली नाही."

मी आधी चेहरा शोधला. सवय.
माझ्याकडं येणारा माणूस गाल उजळायला येतो.
"तोंडाचं राहू दे. लडी बघ."

म्हटलं, मामा, यात पांढरं काय होतं ते सांगा,
म्हणजे बाकीचे रंग जागेवर येतील.
मिठाची पोती?
"ती गुलाबी होतात महिन्याभरात."
भिंत?
हसले.
"डायहाउसात पांढरं नसतं रे काही.
सकाळी सूत यायचं तेवढं पांढरं,
दहापर्यंत संपायचं."

मग पांढऱ्याशिवायच बसलो दोघं.
एक डोळा मिटून ते पडद्यापाशी वाकले.
निळा उतरव. अजून.
आता भाजला. माघारी ये.
विटेकडं जातोय, जांभळाकडं ने, बोटभर.
मी आकडे बघत होतो, ते आकड्यांकडं बघतही नव्हते.
"हा ओला रंग झाला," म्हणाले,
"पडद्यावर सगळंच ओलं दिसतंय.
कागदावर वाळल्यावर किती उतरणार?"
अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मरून आला. खरंच आला.
आता कोपरे जरा उघडू, म्हणून सावल्यांची पट्टी
उजवीकडं ओढायला लागलो.
"चालु," म्हणाले मामा.
ओढली.
"चालु, चालु."
अजून ओढली.
मी करमाळ्याचा. त्यांच्या तेलुगूत
चालु म्हणजे पुरे,
हे मला कळेपर्यंत पट्टी टोकाला गेली होती.

काळ्यातून ठिपके उठले, लाल, हिरवे,
मागावरून उडणाऱ्या कापसासारखे,
आणि त्या कापसात, मिठाच्या पोत्यांवर,
गुडघे पोटाशी घेऊन
एक पोरगा झोपलेला.

मामा खुर्चीत सरळ झाले.
"हे तू घातलंस?"
नाही मामा. उजेड सांडला असेल थोडा तिथं,
फोननं टिपला, तेवढाच वर येतो.
नसलेलं मला आणता येत नाही.

बराच वेळ नुसता कूलरचा पंखा.
"रेवण," म्हणाले.
"खाडा मांडला होता मी त्याचा त्या दिवशी.
आलोय म्हणत होता, मागं होतो म्हणत होता.
चौघांसमोर बोललो त्याला.
शेवटच्या हिशोबातनं दोनशे दहा कापले."

कुठं असतो आता?
"इचलकरंजीला म्हणे. का सुरतेला."

माझं बोट पट्टीवरच होतं.
परत काळं करू, असं विचारलं नाही मी,
पण बोट काढलंही नाही.
त्यांना ते दिसलं असावं.

"एवढं ओढल्यावर मरून बिघडला का?"
थोडा फिका पडला.
"पडू दे."

दोन प्रती काढल्या.
एक त्यांनी तशीच, पाकिटाशिवाय, उचलली
आणि दाराबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले,
सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात, टोपी नाही,
फोटो दोन्ही हातांत ताणून
लडी धरावी तसा.

मला वाटलं, रंग बघतायत.
हाक मारली, मामा, सावलीत या, कागद वाकेल.
आले नाहीत.
त्यांचा अंगठा फोटोच्या कोपऱ्यावर होता,
पोत्यांच्या बाजूच्या,
आणि ते तो
पुसत होते की झाकत होते,
माझ्या काउंटरवरून
एवढ्या उजेडात
दिसत नव्हतं.